दुसऱ्या ट्रॉलीचा जाब कारखान्याच्या काट्यावर विचारा

आज दुपारी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. उसाने खचाखच भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर कॅनॉलच्या चढावर निघाला आहे, त्याची पुढची दोन्ही चाके जमिनीपासून हातभर वर उचलली गेली आहेत आणि ड्रायव्हर तशाच अवस्थेत नुसत्या ब्रेकवर त्याला वळण घेऊन नेतो आहे. मागून शिट्ट्या ऐकू येतात. खाली आमच्याच माणसांनी 'वाघ आहे पठ्ठ्या' असे लिहून कौतुक केले आहे. मी एवढेच विचारले की त्या वेळी मागे मोटारसायकलवर कोणी बायका-पोरांना घेऊन असते तर काय झाले असते. त्यावर एका चांगल्या शिकलेल्या गृहस्थाने उत्तर दिले, "दोन ट्रॉल्या जोडायच्या नाहीत असा कायदा दाखवा."

ग्रुपवर वाद घालण्यात अर्थ नव्हता म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. त्याच्या कलम 61 मध्ये ट्रेलरच्या नोंदणीची तरतूद आहे आणि त्याच कलमात असेही म्हटले आहे की ओढणाऱ्या वाहनाचा नोंदणी क्रमांक ट्रेलरवर, आणि एकामागे एक जोडलेले ट्रेलर असतील तर सर्वांत शेवटच्या ट्रेलरवर, लावलेला असलाच पाहिजे. म्हणजे एकाहून अधिक ट्रेलर असू शकतात हे कायद्याने गृहीत धरले आहे. हा मुद्दा त्या गृहस्थांचा, तो मी मान्य करतो. पण ज्या कायद्याने ही मोकळीक दिली, त्याच कायद्याने शेवटच्या ट्रॉलीवर नंबर मागितला आहे. आज रात्री अकलूज-टेंभुर्णी रस्त्यावर जाऊन उभे राहा आणि किती शेवटच्या ट्रॉल्यांवर नंबर वाचता येतो ते मला सांगा.

हा नंबर माझ्या दृष्टीने कागदावरची बाब नाही. माझा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, याच रस्त्यावर गळीत हंगामात रात्री घरी येत असताना उभ्या असलेल्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. ट्रॉली एकटीच होती. तिचा टायर फुटला होता, म्हणून ड्रायव्हरने हूकची पिन काढून तिला अर्ध्या रस्त्यावर सोडले होते आणि पहिली ट्रॉली घेऊन तो कारखान्याकडे निघून गेला होता. चाकाखाली दगड लावलेले होते, मागे उसाच्या वाढ्याचा एक झुपका खोचलेला होता, आणि एवढ्यावर त्याची जबाबदारी संपली होती. समोरून येणाऱ्या ट्रकचा प्रकाश डोळ्यांवर आला आणि दादाला ती ट्रॉली दिसलीच नाही. उसाची टोके ट्रॉलीच्या मागे चांगली तीन-चार फूट बाहेर आलेली असतात. त्याचे डोके आणि खांदा आधी त्या टोकांवर गेले. तो वाचला, पण उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही.

त्या ट्रॉलीवर नंबर नव्हता. ती कोणाची, कोणत्या ट्रॅक्टरला जोडलेली होती, कोणत्या कारखान्याकडे निघाली होती, हे सांगणारे एक अक्षरही तिच्यावर नव्हते.

आता ती ओढली कशी जाते ते बघा. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांना हे सांगायची गरज नाही, पण शहरातले मित्रही हे वाचतील. आपल्याकडच्या नेहमीच्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, तेही डाव्या आणि उजव्या चाकाला वेगवेगळे, कारण शेतात जागच्या जागी वळायला ते लागतात. रस्त्यावर येताना ते दोन्ही पेडल पट्टीने एकमेकांना जोडायचे असतात, आणि बहुतेकांच्या ट्रॅक्टरवर ती पट्टी गंजून एका बाजूला लोंबत असते. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन अडीच-तीन टन. मागच्या दोन ट्रॉल्यांमधला ऊस सहज वीस टनांच्या पुढे जातो. त्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. चढावर मागचा भार ट्रॅक्टरला मागे ओढतो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग नावापुरते उरते. व्हिडिओत ज्याला शिट्ट्या मिळाल्या ते हेच. उतारावर याच्या उलट होते, मागचे वीस टन पुढच्या तीन टनांना ढकलू लागतात आणि ब्रेक दाबला की सांध्यातून सगळी गाडी आडवी होते. दुसरी ट्रॉली जोडली की सांधे दुप्पट होतात. पुढे ड्रायव्हरने खड्डा चुकवायला वीतभर हात फिरवला, तर शेवटची ट्रॉली रस्त्याच्या मध्यापर्यंत झोका घेते. हात धरून पळणाऱ्या पोरांच्या रांगेत शेवटचे पोर कसे भिरकावले जाते, तसेच हे आहे.

आणि ड्रायव्हरला हे काही ऐकू येत नाही, कारण त्याच्या मागे मोठ्या आवाजाचे स्पीकर लावलेले असतात. मागचा माणूस हॉर्न वाजवून थकतो.

दर हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याच्या आवारात एक कार्यक्रम होतो. आरटीओ येतात, वाहतूक पोलीस येतात, संचालक येतात, रिकाम्या ट्रॉल्या रांगेत उभ्या केल्या जातात आणि त्यांना लाल रिफ्लेक्टर चिकटवतानाचे फोटो वर्तमानपत्रात छापून येतात. मला या कार्यक्रमाचा मनापासून संताप येतो. रिकाम्या ट्रॉलीवर लावलेला रिफ्लेक्टर ऊस भरल्यावर कुठे जातो, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असते. मोळ्या मागे लोंबतात आणि तो झाकून टाकतात. जो काही उघडा राहतो, त्याच्यावर शेतातून निघतानाच चिखल बसतो. ज्या रात्री त्याची गरज असते, त्या रात्री तो कोणालाच दिसत नाही. दादाच्या त्या ट्रॉलीलाही रिफ्लेक्टर होता. दुसऱ्या दिवशी ऊस उतरवल्यावर तो खाली सापडला.

मला ड्रायव्हरवर राग काढायचा नाही. इतका वेळ लिहिताना तो आला, हे खरे आहे, पण तो पोरगा वीस-बावीस वर्षांचा असतो, कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र-रात्र थंडीत ताटकळतो, ट्रॉलीखालीच पोते अंथरून झोपतो, आणि पहाटे गाडी रिकामी झाली की पुन्हा फडात जातो. त्याच्या मालकाने ट्रॅक्टरचे कर्ज काढलेले असते आणि ऊसतोड टोळीच्या मुकादमाला दिलेली आगाऊ उचल कित्येकदा बुडालेली असते. पैसे टनावर मिळतात, म्हणून दुसरी ट्रॉली हे त्यांचे हप्त्याचे गणित आहे. आणि त्या दुसऱ्या ट्रॉलीच्या उसावर, तान्ह्या लेकराला पोटाशी धरून, टोळीतली एखादी बाई बसलेली असते, कारण खोपीवर परतायला तिच्याकडे दुसरे वाहन नसते. हूकची पिन निसटली तर पहिली ती जाणार आहे. तिला कोणी विचारून दोन ट्रॉल्या जोडलेल्या नाहीत.

म्हणून माझे म्हणणे कारखान्याशी आहे. या सगळ्या साखळीत एकच जागा अशी आहे जिथून प्रत्येक ट्रॉली गेल्यावाचून राहत नाही, ती म्हणजे वजनकाटा. भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी झाल्यावर पुन्हा चढते, आणि दोन्ही वजने पावतीवर छापली जातात. कोणत्या ट्रॅक्टरमागे किती ट्रॉल्या होत्या आणि त्यांत किती माल होता, हे पोलिसांना रस्त्यावर शोधावे लागते. कारखान्याच्या संगणकात ते हंगामभर साठत असते. जादा भाराबद्दल कायद्याचे कलम 194 आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यात 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे हलू द्यायची नाही अशी तरतूद आहे. त्या कलमाचे पहिलेच वाक्य नीट वाचा: वाहन चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा, हे तिघेही त्यात येतात. ज्याने वाहतुकीचा करार केला, ज्याने ती गाडी आत घेतली, वजन केले आणि त्याच वजनावर पैसे दिले, तो यांपैकी कोणीच नाही, असे मला कोणी पटवून द्यावे.

दादाच्या दाव्यात हे मी जवळून पाहिले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ट्रॅक्टरमालक आधी म्हणाला की ट्रॉली माझी नाही. ती त्याचीच आहे हे सिद्ध झाल्यावर विमा कंपनीने सांगितले की विमा ट्रॅक्टरचा आहे, ट्रॉलीचा नाही, आणि अपघाताच्या वेळी ट्रॅक्टर तिथे नव्हताच. वाहन किंवा ट्रेलर इतरांना धोका होईल अशा रीतीने रस्त्यावर सोडू नये, असे कलम 122 मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे, तरी वर्षानुवर्षे तारखा पडत राहिल्या. ती ट्रॉली कारखान्यात नेहमी येत होती हे शेवटी काट्याच्या पावत्यांवरूनच कळले. म्हणजे माहिती पहिल्या दिवसापासून तिथे होती. मागितल्याशिवाय ती कोणी दिली नाही.

'परदेशात एका ट्रकमागे तीन-तीन ट्रेलर असतात' हेही ग्रुपवर कोणीतरी लिहिले. असतात. ऑस्ट्रेलियात 53.5 मीटर लांबीच्या रोड ट्रेन चालतात. पण त्या ठरवून दिलेल्या रस्त्यांवरच चालतात, ड्रायव्हरकडे वेगळ्या वर्गाचा परवाना लागतो आणि प्रत्येक ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आणि दिवे असतात. इतक्या लांब कशाला जायचे? आपल्याच देशात 2020 मध्ये नियम बदलून 25.25 मीटरपर्यंतच्या रोड ट्रेनला वाट करून दिली, आणि 2025 मध्ये व्होल्वोच्या ट्रकमागे दोन ट्रेलर जोडलेली पहिली रोड ट्रेन नितीन गडकरींच्या हस्ते नागपुरातून निघाली, तीही नागपूर-भिवंडी मार्गासाठी. हे मला मनापासून आवडले. दोन ट्रेलर ओढायचे तर यंत्र कसे हवे, रस्ता कोणता हवा आणि परवानगी कोणाची हवी, हे सगळे आधी ठरवले गेले. कारखान्यांचे संचालक याच महाराष्ट्रात राहतात.

'एकच ट्रॉली केली तर वाहतूक महागेल आणि ती आमच्याच एफआरपीतून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, कापली जाईल' असे शेतकरी म्हणतील. बरोबर आहे, तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच बिलातून जातो, आणि माझ्याही घरचा ऊस याच कारखान्याला जातो. थोडे पैसे कमी आले तरी चालतील, असे मी माझ्यापुरते सांगतो. ज्यांना चालणार नाही त्यांच्याशी मी भांडणार नाही, पण दादासारख्या माणसाच्या हाताची किंमत त्या वाहतूक दरात कुठे धरली आहे, एवढे त्यांनी मला दाखवावे.

लिहायला बसलो तेव्हा दुसरी ट्रॉली सरसकट बंद करा, असेच लिहायचे मनात होते. आता एवढे लिहून झाल्यावर वाटते की ब्रेक, दिवे आणि नंबर असलेली, वजनाच्या मर्यादेतली दुसरी ट्रॉली कोणी आणली तर माझी हरकत नसेल. आज माझ्या रस्त्यावर तशी एकही दिसत नाही, म्हणून तोवर ती बंद असावी.

सोमवारी सकाळी अकरा वाजता कारखान्याच्या कार्यालयात अर्ज द्यायला जाणार आहे. मागण्या तीनच आहेत. शेवटच्या ट्रॉलीवर वाचता येणारा नंबर आणि लोंबणाऱ्या उसाच्याही मागे टांगलेला, चालू असलेला लाल दिवा नसेल, तर ती गाडी काट्यावर घेऊ नये. मर्यादेपेक्षा जास्त भरलेल्या मालाचे वाहतूक बिल देऊ नये. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावरून हलवायला कारखान्याची एक गाडी रात्रभर तयार असावी, आणि तिचा फोन नंबर प्रत्येक चौकात लिहिलेला असावा. अर्जाची एक प्रत आरटीओ कार्यालयाला जाईल. ज्यांचा ऊस या कारखान्याला जातो त्या सभासदांच्या सह्या हव्या आहेत, कारण बाहेरच्यांच्या सह्यांना तिथे कोणी विचारत नाही. सही करायची असेल त्यांनी सभासद क्रमांक घेऊन या.