पुदिना भरपूर आहे, पण तो एकच आहे

"पुदिन्याचं कसलं आलंय संवर्धन, तण आहे ते, कुठेही माजतं!" हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहितेच.

पेपरमिंट घ्या. तो मुळात संकर आहे, पाणपुदिना आणि स्पिअरमिंट या पुदिन्याच्याच दोन जातींचा, आणि वांझ आहे. बी धरत नाही, त्यामुळे सगळी लागवड धावत्या खोडांचे तुकडे लावून. म्हणजे एकरच्या एकर हिरवंगार दिसलं तरी जेनेटिकली ते एकच झाड असतं, लाखो तुकड्यांत पसरलेलं. अमेरिकेत याचीच किंमत मोजावी लागली. तिथे लागवड मुख्यतः ब्लॅक मिचम या पेपरमिंटच्या एकाच वाणाची, तिला व्हर्टिसिलियम बुरशीची मर लागली आणि एकाला लागली म्हणजे सगळ्यांनाच लागणार ना. संकर करून नवी जात काढावी तर बीच नाही! शेवटी खोडांना रेडिएशन देऊन म्युटेशन घडवली, त्यातून १९७०च्या दशकात टॉड्स मिचम आली, आणि तीसुद्धा मर थोडी जास्त सोसते एवढंच. या रोगाला खरोखर दाद न देणारी झाडं सापडली ती पुदिन्याच्या रानटी भाऊबंदात, मेंथा लाँगिफोलियात. ते रान आधीच नांगरलं असतं तर?

दुसरं म्हणजे याच कुळातला थाइम, ही सुगंधी औषधी वनस्पती, मला सगळ्यात जास्त भुरळ घालणारा. दक्षिण फ्रान्समध्ये एकाच जातीचे सहा प्रकार रानात वाढतात, पान तेच, फूल तेच, फक्त तेल वेगळं. एकात थायमॉल, एकात कार्व्हाक्रॉल, एकात लिनॅलूल, असं. यातले थायमॉल-कार्व्हाक्रॉलवाले हिवाळ्याच्या सुरुवातीच्या कडक गोठणीत टिकत नाहीत, म्हणून ते थंडी साचणाऱ्या खोऱ्याबाहेर आणि बाकीचे आत, अशी वाटणी. अलीकडे ती कडक थंडी कमी झाली तसे हे आत सरकायला लागलेत. आता सांगा, एकाच टेकडीवरचं बी गोळा करून "थाइम वाचवला" म्हणायचं का? औषध तर तेलात आहे, नावात नाही!

म्हणून एखाद्या औषधी बागेत एकाच आईझाडाच्या छाटांच्या वीस कुंड्या आणि वर 'संवर्धन' अशी पाटी दिसली की जीव तुटतो माझा. रोपं वीस, पण जीनांचा संच एकच. बी येणाऱ्या जातींचं बी वेगवेगळ्या जागांवरून, प्रत्येक जागी बऱ्याच झाडांवरून घ्या, सुकवून थंडीत ठेवा. पेपरमिंटसारख्याला तर जिवंत रोप किंवा टिश्यू कल्चर हाच मुख्य मार्ग, दरवर्षी कुणीतरी सांभाळायचं, म्हणजे माणूस हवा आणि पैसा हवा. आणि फोर्सकोलिन या मुळांतल्या औषधी द्रव्यासाठी ज्या कोलियस वनस्पतीची मुळं खणतात तिथे तर पानं खुडून झाड राखायची सोयच नाही, मूळ काढलं की झाड गेलं, तिथे आधी शेतात लागवड हवी, तीही एकाच छाटेवरून नको.