समुद्र खुला, पण कुणासाठी?

डचांचं कौतुक आपल्याकडे भरपूर होतं, आणि मलाही त्यांचा इतिहास मनापासून आवडतो. १५७४ मध्ये स्पॅनिश वेढ्यात उपासमारीने मरणाऱ्या लायडनला सोडवण्यासाठी त्यांनी स्वतःचे बांध फोडले, स्वतःची शेतं बुडवली आणि त्या पाण्यावरून सपाट बुडाच्या होड्या शहरापर्यंत नेल्या. १५८१ मध्ये तर त्यांनी त्यांच्यावर राज्य करणाऱ्या स्पेनच्या राजा दुसऱ्या फिलिपलाच लेखी नाकारलं. राजा प्रजेसाठी असतो. प्रजेला गुलामासारखं वागवणारा राजा राहतच नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

पण एवढ्यावर थांबणारे लेख वाचले की मला राग येतो. आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं काय?

१६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे मालाने भरलेलं पोर्तुगीज जहाज पकडलं. त्याचं समर्थन लिहायला डच ईस्ट इंडिया कंपनीने ह्यूगो ग्रोशियस हा तरुण वकील गाठला. त्या लिखाणातलं एक प्रकरण १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’ म्हणून छापलं गेलं. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही, कुणीही कुणाशीही व्यापार करावा, हा त्याचा गाभा.

बांदाच्या लोकांनी नेमकं हेच केलं! जायफळ तेव्हा जगात फक्त त्यांच्याकडे पिकायचं. कंपनीने मक्त्याचे करार लादले, तरी ते इंग्रजांना आणि आसपासच्या बेटांवरच्या व्यापाऱ्यांना माल विकत राहिले. त्यांचा तांदूळ बाहेरून यायचा. दुसरं करणार काय? १६२१ मध्ये गव्हर्नर जनरल यान कून फौज घेऊन उतरला. ४४ पुढाऱ्यांची मुंडकी भाडोत्री जपानी सैनिकांकरवी उडवली. सुमारे १५ हजार वस्तीतले जेमतेम हजारभर तिथे उरले. मग बागांचे तुकडे पाडले आणि राबायला गुलाम आणले.

‘तो काळच तसा होता’ हे मला पटत नाही. प्रजेला गुलामासारखं वागवणाऱ्या राजाविरुद्धचा तो जाहीरनामा त्यांनीच ४० वर्षांपूर्वी काढला होता.

आपल्या वेंगुर्ल्यातली डच वखार याच कंपनीची. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तिचा आधार होता. तिथले फोटो टाकणाऱ्यांनी ही कंपनी कोण, हेही जरूर लिहावं. कूनच्या जन्मगावी, होर्नमध्ये, त्याचा पुतळा १८९३ पासून उभा आहे. २०१२ मध्ये तिथे त्याच्या कृत्यांबद्दलची पाटी लागली. ॲम्स्टरडॅम म्युझियमने २०१९ मध्ये सतराव्या शतकाला ‘सुवर्णयुग’ म्हणणं सोडलं. मराठी लेखकांनीही सोडावं, असं माझं ठाम मत आहे.