खिडकीतल्या उन्हाने भागत नाही

कासवाच्या पिल्लाच्या देखभालीवरचा लेख आवडला, पण त्यातलं ‘पिल्लाची पेटी खिडकीशी ठेवली की पुरेसं ऊन मिळतं’ हे वाक्य खटकलं. काचेतून उजेड आणि ऊब येते, उन्हातली यूव्हीबी (अतिनील-बी) किरणं जवळजवळ अडतातच. ती नसली की ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. शिवाय एप्रिलच्या नाशिकच्या उन्हात काचेच्या पेटीची बघता बघता भट्टी होते.

आमच्याकडे सल्काटा या आफ्रिकन कासवाचं पिल्लू आहे, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवलेलं. (आपलं स्टार कासव पाळणं गुन्हा आहे, हेही लेखात यायला हवं होतं.) त्याच्या टबाच्या एका टोकाला ऊब देणारा दिवा, त्याखाली ३२ ते ३५ अंश, दुसरं टोक २५-२६ वर. हा फरक महत्त्वाचा, कारण कासव अंगातली ऊब जागा बदलूनच सांभाळतं. तापमापक मात्र त्याच्या पाठीच्या उंचीवर लावा, भिंतीवर नको.

यूव्हीबी किरणं देणारी ट्यूबलाइटसारखी नळी दिवसा १२ तास, रात्री पूर्ण अंधार. दुकानदार रात्रीसाठी लाल बल्ब गळ्यात मारतात, घेऊ नका. थंडीत निफाडकडे पारा १० च्या खाली जातो तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरा, तापमान आवाक्यात ठेवणारा थर्मोस्टॅट लावूनच. नळी पेटत असली तरी साधारण वर्षभरात तिचा यूव्हीबी घटतो, तेव्हा बदला. आणि दिव्याखाली पिल्लू कोरडं पडतं. एक ओलसर कोपरा आणि कोमट पाण्यात डुंबणं चुकवू नका.