हात शिवशिवतात तेव्हा

नव्या कापडाची घडी उलगडली की हात शिवशिवतात. हा वाक्प्रचार शिवणकामावरूनच आला असणार, अशी माझी व्याकरणाचा काडीचाही आधार नसलेली खात्री आहे. कारण त्या क्षणी डोक्यात फक्त शिवणं असतं. धुणं, वाळवणं, इस्त्री, आखणं, टाचणं, कापणं आणि एवढं करून शेवटी शिवलेलं उसवणं, यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. साध्या फ्रॉकच्या सगळ्या शिवणी मशीनवर तासाभरात मारून होतात. बाकीचे दोन दिवस कुठे जातात, ते सांगते.

मूळ गोम अशी की देखणं कापड आणि शिवायला सोपं कापड ही दोन वेगळी घराणी आहेत आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. मांजरपाट, म्हणजे साधं सुती कापड, बिचारा गुणी. ठेवाल तिथे राहतो, इस्त्रीची घडी निमूट घेतो, चुकीची शिवण उसवून नखाने घासली की भोकं विसरूनही जातो. पण मांजरपाटाचा फ्रॉक कुणाला हवाय? हवं असतं ते सॅटिन, जे टेबलावरून आपलं आपण खाली उतरतं. किंवा जॉर्जेट, जे कापताना सरळ दिसतं आणि कात्री बाजूला ठेवताच नागमोडी होतं. रेशीम तर टाचणीचं भोकसुद्धा जन्मभर लक्षात ठेवतं, म्हणून त्याला टाचण्या फक्त मायेत, म्हणजे शिवणीबाहेरच्या कापडात, लावायच्या आणि त्याही बारीक. मखमलीची तऱ्हा आणखी निराळी. तिच्यावरून एका दिशेने हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर खरखरीत. लव वरच्या दिशेने ठेवली की रंग गडद दिसतो, खालच्या दिशेने ठेवली की फिका. पुढचा भाग एका दिशेने आणि पाठ दुसऱ्या दिशेने कापली गेली, तर एकाच कापडाचा फ्रॉक दोन कापडांचा दिसू लागतो. हे दिव्याखाली कळत नाही. सकाळी, सगळं शिवून झाल्यावर, खिडकीपाशी कळतं.

तर आधी कापड धुवायचं. पुढे कपडा जसा धुतला जाणार, तसंच धुवायचं. नुसतं पाण्यात बुचकळून स्वतःची समजूत घालायची नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं, रेयॉन त्याहूनही जास्त. म्हणजे १ मीटरमागे ५ सेंटिमीटर गेले आणि पायजमा घोट्याच्या वर चढला. शिवाय शिवायचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा असतो. तो आटत नाही. मग कापड आटतं, दोरा तसाच राहतो आणि प्रत्येक शिवणीला सुरकुत्या पडतात. या सुरकुत्या इस्त्रीने जात नाहीत.

छापाचं कापड असेल तर हत्ती कोणत्या बाजूला उभे आहेत ते बघा. मी हे गमतीने सांगत नाही. खांद्याची शिवण वाचवावी म्हणून कापड खांद्यावर दुमडून पुढचा-मागचा भाग अखंड कापला, की पुढचे हत्ती चालत असतात आणि पाठीवरचे चारी पाय वर करून पडलेले असतात. एकाच दिशेच्या छापाला खांद्याची शिवण हवीच. चौकडी किंवा मोठी नक्षी जुळवायची असेल तर नक्षी जेवढ्या अंतराने परत येते तेवढं जास्तीचं कापड घ्यावं लागतं, प्रत्येक मोठ्या भागामागे एकदा. तो हिशेब कापड घेतानाच करायचा असतो. तेव्हा आपण अर्थातच नक्षी बघत असतो.

मुलांची मापं हा वेगळा अध्याय आहे. मूल उभं राहत नाही, आणि राहिलं तर मेजपट्टीला गुदगुल्या समजतं. शिवाय ते वाढत असतं. दोन वर्षांनंतर वयात येईपर्यंत मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर उंच होतात, रुंदीला मात्र त्या मानाने फार कमी. म्हणून ‘वाढत्या अंगाचं’ शिवायचं ते लांबीत. छातीत चार बोटं जास्त ठेवली तर मूल वाढत नाही, फक्त कपड्यात हरवतं. सरळ घेराच्या फ्रॉकला खाली ६ ते ८ सेंटिमीटरची दुमड ठेवावी आणि दर वर्षी थोडी सोडावी. सोडल्यावर जुन्या घडीची फिकी रेघ उरते, तिच्यावर लेस लावायची. जगातली निम्मी लेस सौंदर्यासाठी नसून याच रेघेसाठी आहे, असं माझं मत आहे.

गोल घेराला मात्र ही सोय नाही. तिथे खालची कड वरच्यापेक्षा लांब असते, त्यामुळे रुंद दुमड बसतच नाही, चुण्या पडतात. १ सेंटिमीटर, फार तर दीड. आणि घेर कापण्याआधी शाळेतलं गणित आठवायचं: कंबर भागिले ६.२८ म्हणजे मधल्या कमरेच्या भोकाची त्रिज्या. कंबर ५६ सेंटिमीटर असेल तर त्रिज्या ८.९. हीच जागा घातक आहे. घाईत ६.२८ ऐवजी ३.१४ ने भागलं जातं, व्यास त्रिज्या म्हणून आखला जातो आणि कंबर ११२ होते. मग मुलीचा घागरा आईला घालावा लागतो. गोल घेर कापल्यावर लगेच दुमडायचाही नाही. काही ठिकाणी त्यात कापड तिरकं लोंबतं आणि तिरकं कापड स्वतःच्याच वजनाने ताणलं जातं. म्हणून तो एक दिवस टांगून ठेवायचा, मग जमिनीपासून मोजून खालची कड सारखी करायची. टांगलं नाही तर पहिल्या आठवड्यात जागोजागी शेपट्या येतात.

त्रिज्येचं हेच गणित गळ्याला जास्त महागात पडतं. गळा सगळीकडून फक्त १ सेंटिमीटर जास्त खोल गेला, तर घेर सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. आणि तो जास्त खोल जातोच, कारण कापलेल्या गळ्यात माया धरलेली असते. मायेमुळे गळा लहान दिसतो, ‘बाई गं, गुदमरेल हे’ म्हणून जीव कळवळतो आणि कात्री आणखी एकदा आत फिरते. पट्टी लावून उलटवल्यावर माया आत जाते आणि फ्रॉक खांद्यावरून ओघळतो. शिवणीबाहेर सोडलेल्या कापडाला आपल्याकडे माया म्हणतात, हे फार विचारपूर्वक ठेवलेलं नाव आहे. कमी पडली तर शिवण उसवते, जास्त झाली तर अंगाला टोचते, आणि वळणावर तिला कात्रीने चिरे दिल्याशिवाय ती सुटसुटीत बसत नाही. टाक्यापासून २ मिलिमीटर अलीकडे थांबायचं. त्यापुढे गेलात तर भोक.

दुसऱ्या टोकालाही फसगत आहे. लहान मुलांची डोकी मानेच्या मानाने प्रचंड असतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४८ ते ५० सेंटिमीटर भरतो आणि मान त्याच्या निम्म्याच्या आसपास. मानेला सुबक बसणारा २८ सेंटिमीटरचा गळा शिवला, तर तो डोक्यावर मुकुटासारखा अडकतो आणि आतून रडण्याचा आवाज येतो. उपाय साधा: पाठीमागे चीर. चिरेच्या दुप्पट घेर वाढतो, म्हणून १२ सेंटिमीटरची चीर दिली की २८ चे ५२ होतात. वर एक बटण आणि ते अडकवायला दोऱ्याचा फासा. नाडी नको. मानेपाशी लोंबती नाडी कशातही अडकू शकते, मग ती कितीही गोड दिसो.

कापताना दोन डाव्या बाह्या होणं हा अपघात नाही, तो दीक्षाविधी आहे. बाहीचा पुढचा मुंढा, म्हणजे बाही जोडण्याचं वळण, मागच्यापेक्षा जास्त खोल असतो, त्यामुळे कापड दुमडून किंवा कागद उलटा करूनच दुसरी बाही कापायची. एकेरी कापडावर कागद तसाच दोनदा ठेवला की दोन डाव्या. आणि उरलेलं कापड नेहमीच पाऊण बाहीएवढं असतं. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा २-३ सेंटिमीटर लांब असतो, तीही चूक नव्हे. ४ मिलिमीटरच्या सैल टाक्याच्या दोन ओळी मारून दोरा हलकेच ओढायचा आणि ती लांबी चुण्या न दिसता जिरवायची. हे ‘न दिसता’ लिहायला सोपं आहे.

आता मशीन. शिवायला लागावं आणि कापडाखाली दोऱ्याचं घरटं व्हावं, हा अनुभव सार्वत्रिक आहे. सगळे बॉबिनला दोष देतात, कारण घरटं खाली दिसतं. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. मशीनचा पाय, म्हणजे कापड दाबून धरणारी पट्टी, खाली असताना वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात. तेव्हा ओवलेला दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही, त्याला ताण मिळत नाही आणि तो खाली ढीग घालतो. पाय वर करून दोरा नव्याने ओवा, पहिले तीन-चार टाके दोन्ही दोऱ्यांची टोकं धरून घाला. नव्वद टक्के भांडण मिटतं. उरलेलं सुईचं असतं. सुईवरचा ८० हा आकडा म्हणजे ०.८ मिलिमीटर जाडी. साध्या सुतीला तीच, झिरझिरीत कापडाला ६० किंवा ७०, डेनिमला ९० ते १००, आणि विणलेल्या टी-शर्टच्या कापडाला गोल टोकाची. त्या कापडावर साधा सरळ टाका मारला तर डोकं आत जाताना गळा ताणतो, दोरा ताणत नाही, आणि ‘कट्’ असा आवाज येतो. तिथे अगदी बारीक नागमोडी टाका हवा. सुई साधारण आठ तास शिवल्यावर बदलावी म्हणतात. घरोघरी ती मोडल्यावर बदलतात. बोथट सुईने सॅटिनवर धागे ओढले गेले की ‘कापडच वाईट’ असा निकाल लागतो.

निसरडं कापड शिवताना वरचा थर मागे राहतो, कारण मशीनचे कापड पुढे सरकवणारे खालचे दाते फक्त खालच्या थराला ओढतात. बरोब्बर सारखे कापलेले दोन तुकडे शेवटी एक सेंटिमीटरने कमी-जास्त निघतात. टाचण्या जवळजवळ लावा, किंवा चक्क कच्चा धावदोरा घाला. धावदोरा कंटाळवाणा आहे, पण सॅटिन उसवणं त्याहून कंटाळवाणं आहे.

मुलांच्या पायजम्याबद्दल एवढंच: आधी प्रत्येक पाय वेगळा शिवा, मग एक पाय सुलट करून उलट्या पायाच्या आत घाला आणि दोहोंची बैठक, म्हणजे दोन पायांमधली वळणाची शिवण, एकत्र शिवा, दोनदा. पुढचा भाग पुढच्याला भिडला पाहिजे. पाठची बैठक पुढच्यापेक्षा उंच हवी, नाहीतर मूल उकिडवं बसलं की पायजमा बसत नाही, उतरतो. इलॅस्टिक कंबरेपेक्षा ४-५ सेंटिमीटर कमी घ्या, ओवताना मागचं टोक कापडाला टाचून ठेवा. ते आत गेलं की पिन लावून पुन्हा पहिल्यापासून.

स्वतःसाठी शिवताना मूल तरी परवडलं असं होतं. स्वतःचं माप घेताना पोट आपोआप आत जातं आणि मेजपट्टी तोंडावर स्तुती करते. त्या मापाचा कुर्ता उभ्याने उत्तम बसतो, खुर्चीत मात्र श्वास घेऊ देत नाही. न ताणणाऱ्या कापडाला छातीच्या मापात ५ ते ८ सेंटिमीटर सैलपणा मिळवावाच लागतो. पाठीवरचा झोळ स्वतःला टाचता येत नाही. आरशाकडे वळलं की झोळही वळतो. म्हणून मी महागाच्या कापडाआधी मांजरपाटाचा एक नमुना शिवावा या मताची आहे. हा सल्ला सगळ्यांना पटतो आणि कुणीही ऐकत नाही.

काजं शेवटी येतात, म्हणजे कपडा पूर्ण झालेला असतो आणि बिघडायला सगळं शिल्लक असतं. काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक जाडी. आधी चिंधीवर करून बघायचं. मग काजाच्या टोकाशी आडवी टाचणी लावायची आणि मगच चीर द्यायची, म्हणजे पातं पुढे निसटून टोकाचे टाके कापले जात नाहीत.

हे सगळं साधतं. फ्रॉक मुलाच्या अंगात जातो, गळा बसतो, हत्ती उभे असतात. मूल गोल फिरतं, दोन्ही हात कमरेशी नेतं आणि विचारतं, ‘खिसा?’

बाजूच्या शिवणीत कमरेच्या ५ सेंटिमीटर खालून १२ सेंटिमीटर उसवा. कडा एकत्र ओव्हरलॉक केल्या असतील तर तेही उसवा. खिशाचे चार तुकडे लागतील. मूळ कापड संपलं असेल, अस्तराच्या चिंध्या चालतात.