सहा आठवड्यांत क्वांटम संशोधक?

बारावीचा निकाल लागला की पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: ‘क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकाच वेळी तपासतो. बँकांचे पासवर्ड आता फुटणार. सहा आठवड्यांचा कोर्स करा, कोटीचं पॅकेज मिळवा. भारतात मात्र काही नाही, अमेरिकाच गाठा.’ मी याच क्षेत्रात संशोधन करतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘सगळी उत्तरं एकाच वेळी.’ हे अर्धसत्य आहे, म्हणूनच ते सहज खपतं. क्युबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधला माहितीचा सर्वांत लहान एकक, एकाच वेळी शून्य आणि एक अशा सुपरपोझिशनमध्ये असू शकतो, हे खरं. पण मोजायला गेलात की हाती एकच उत्तर येतं, आणि कुठलं ते नशिबावर. चुकीची उत्तरं एकमेकांना खोडतील आणि बरोबर उत्तर ठळक होईल अशी रचना शोधणं, हे आमचं खरं काम. ती मोजक्याच प्रश्नांत सापडली आहे. दहा लाख विस्कळीत नोंदींतून एक शोधायची, तर ग्रोव्हरच्या अल्गोरिदमलाही (शोधण्याची क्वांटम पद्धत) सुमारे ८०० फेऱ्या लागतात. कुठे एका झटक्यात?

पासवर्डचं म्हणाल, तर धोका आहे तो आरएसएसारख्या एन्क्रिप्शनला, म्हणजे माहिती गुपित ठेवणाऱ्या सांकेतिक कुलपांना. गणितज्ञ पीटर शोरने १९९४ मध्येच ते दाखवलं. पण २०४८ बिटांची आरएसए फोडायला २०२५ च्या एका अंदाजानुसारही लाखो क्युबिट लागतील. गुगलच्या ‘विलो’ चिपवर आहेत १०५. शिवाय नव्या एन्क्रिप्शनची अमेरिकी मानकं ऑगस्ट २०२४ मध्येच आली आहेत.

कोटीचं पॅकेज! संशोधक व्हायचं तर पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी शिष्यवृत्ती, दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. घरभाडं भत्ता वेगळा. विद्युतभारित अणू पकडून त्यांचे क्युबिट करणाऱ्या आयन ट्रॅपच्या प्रयोगशाळेत तर दिवसच्या दिवस लेझरची वारंवारता स्थिर ठेवण्यात आणि व्हॅक्यूमची गळती शोधण्यात जातात. हे सहा आठवड्यांत कोण शिकवणार?

आणि भारतात काही नाही म्हणणाऱ्यांनी पाषाणला एक चक्कर मारावी. तिथल्या आयसर पुणे या विज्ञान संस्थेत क्वांटम तंत्रज्ञानाचं आय-हब, म्हणजे संशोधनाला बळ देणारं केंद्र आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, पुष्कळ जण परदेशी जातात, खुशाल जावं. पण सुरुवात इथे होते.

मुलीला खरंच गोडी असेल, तर कोर्सची फी भरण्याआधी तिला लिनियर अल्जिब्रा नीट करू द्या. क्वांटम प्रोग्रॅम लिहायचं क्विस्किट हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं.