फुकट लिहिलेलं आणि फुकट उचललेलं

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहायला बसलेय. लांबेल, आधीच सांगते.

एका संस्थेच्या स्मरणिकेत आपल्या खानदेशातल्या फड बागायतीवर दोन पानी लेख छापून आलाय. मैत्रिणीनं व्हॉट्सॲपवर त्या पानांचे फोटो पाठवले. शब्द न् शब्द मराठी विकिपीडियावरचा. वर एका गृहस्थांचं नाव, शेजारी त्यांचा फोटो. विकिपीडियाचा उल्लेख औषधालाही नाही. तो लेख मी सुरू केला होता हे मैत्रिणीला माहीत आहे, म्हणून पाठोपाठ तिचा फोन. 'फुकट लिहितेस ना, म्हणून लोक फुकट उचलतात. एवढी वर्षं करतेयस, तुला काय मिळालं गं?'

त्या गृहस्थांचा राग होताच. पण या प्रश्नानं तो दुप्पट झाला. हाच प्रश्न मला लग्नात विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात, माहेरी विचारतात. कुणी देवळात वीणा धरून रात्रभर उभा राहिला तर त्याला नाही विचारत. गावात नाटक बसवणाऱ्याला नाही विचारत. गडावर जाऊन टाकीतला गाळ उपसणाऱ्या पोरांना नाही विचारत. एखादी बाई रात्री भांडी आवरून लॅपटॉप उघडते आणि नदीवर लेख लिहिते म्हटलं, की लगेच हिशेब!

ज्यांना फड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर कित्येक शतकांपासून ओळीनं बंधारे बांधलेले आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि उतारानंच पाणी रानात जातं. ना मोटर ना इंजिन. पाटाखालच्या रानाचे मोठमोठे फड पाडलेले. एका फडात त्या वर्षी सगळ्यांचं एकच पीक. बहुतेकांचं थोडं थोडं रान प्रत्येक फडात, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर तोटा एकट्यादुकट्याच्या माथी येत नाही, सगळ्यांत वाटला जातो. शेतकऱ्यानं आपलं आपण पाणी फोडायचं नाही. पाटकरी अख्खा फड भिजवणार, जागल्या पीक राखणार. पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. वर धरणं झाली, विहिरी झाल्या, बोअर झाले आणि फड मोडत गेले.

माझे मामा साक्री तालुक्यात पाटकरी होते. लेख पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्यांच्या नातवानं मोबाइलवरून त्यांना वाचून दाखवला. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाले, 'जागल्याना वाटा कोठे शे?' कौतुक नाही, काही नाही. बंधारे होते, पाट होता, ऊस होता, पण रात्रभर बांधावर फिरणाऱ्या माणसाला सुगीत काय मिळायचं ते लेखात नव्हतं. मी ते मामांकडून नीट विचारून घेतलं आणि त्याच रात्री लेखात घातलं.

दुसऱ्या दिवशी त्या वाक्याला कुणीतरी 'संदर्भ हवा' हा साचा, म्हणजे छापील पुरावा मागणारी खूण, लावून ठेवलेला!

इतका संताप आला होता मला. माझ्या मामांनी आयुष्य पाटावर घालवलं आणि हा कोण कुठला मला पुरावा मागतो? लेखाच्या चर्चापानावर तावातावानं लिहिलं. त्याचं उत्तर आलं, तेही शांतपणे: 'नमस्कार सर, आपल्या मामांवर अविश्वास नाही. पण उद्या दुसरा कुणी येऊन त्याच्या मामांच्या नावावर उलटं लिहील, तेव्हा काय करायचं?' (हे 'सर' एक वेगळंच दुखणं आहे. माझ्या सदस्यनावावरून काही कळत नाही, मग मी पुरुषच असणार हे सगळे धरून चालतात. बायका इथे फार कमी लिहितात, त्याचं हे फळ. २७ फेब्रुवारीला मराठीवर कविता टाकणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हाला उद्देशूनच बोलतेय.)

त्याचं म्हणणं खरं होतं. मला ते आजही पूर्ण पटत नाही, पण खरं होतं. ज्या माणसांचं ज्ञान कधी छापलंच गेलं नाही त्यांनी पुरावा आणायचा कुठून, हा प्रश्न उरतोच. मी ग्रंथालयात जाऊन बसू लागले. इंग्रजांनी १८८० साली काढलेलं खानदेशचं गॅझेटिअर काढलं, त्यात पांझरेवरच्या बंधाऱ्यांची माहिती मिळाली. पाटबंधाऱ्यांवरचे जुने अहवाल चाळले आणि त्यातल्या एकात जागल्याच्या मोबदल्यावर दोन वाक्यं सापडली. फक्त दोन. त्या टेबलावर मला जे वाटलं ते माझ्या मैत्रिणीला फोनवर कसं सांगू? पगारवाढीच्या दिवशी असं वाटलेलं नाही.

आणि मग लोक येत गेले. बागलाणच्या बाजूच्या कुणीतरी मोसमकाठच्या फडांचा अख्खा परिच्छेद घातला. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कुणी बंधाऱ्याचा स्वतः काढलेला फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या साठ्यात, चढवला. एक सदस्य आहे, तो फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो. येतो, चार वेलांट्या नीट करतो, जातो, एका शब्दानं बोलत नाही. त्याचं नाव दिसलं की मला घरचं माणूस येऊन गेल्यासारखं वाटतं. यातल्या एकालाही मी भेटलेले नाही, पण लेखाचा 'इतिहास' उघडला की सगळी नावं तारखेनिशी ओळीनं दिसतात. मिळतं ते हे. अनोळखी माणसं तुमच्या अर्ध्या राहिलेल्या वाक्याजवळ थांबतात आणि ते पुरं करून जातात.

आता त्या स्मरणिकेबद्दल. विकिपीडियावरचा मजकूर कुणीही घ्यावा, छापावा, पुस्तकात घालून विकावा, सगळी मुभा आहे. अट एवढीच की कुठून घेतला ते सांगायचं आणि पुढच्यालाही तीच मुभा द्यायची. म्हणजे 'मराठी विकिपीडियावरून साभार' एवढी एक ओळ. तीही लिहवली नाही! पण खरी जळजळ वेगळी आहे. त्यांनी उचललेली प्रत जुनी आहे. त्यात मोसम नाही, बंधाऱ्याचा फोटो नाही, जागल्याचा वाटा नाही. त्या रात्रपाळीच्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून कसाबसा आत घेतला होता आणि छापील लेखात तो परत बाहेर. माझं नाव नाही याचं मला खरंच काही नाही. जागल्या नाही याचा मात्र फार राग आला.

मैत्रीण म्हणते, स्वतःच्या नावानं पुस्तक काढ. काढेनही कधी. पण पुस्तकात मामांचा प्रश्न आला असता तर दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहावी लागली असती, आणि मराठी पुस्तकांच्या दुसऱ्या आवृत्त्या किती निघतात ते आपण सगळे जाणतो.

मी धुळ्याची. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे कागद ज्या गावात सांभाळले जातात तिथं वाढलेय. त्या माणसानं गावोगाव पायी हिंडून, माळ्यावरची, पेवातली दप्तरं बाहेर काढली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड छापले. श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, लोकांच्या दारोदार जाऊन भाग विकले आणि १९२० ते २९ या काळात २३ खंड पुरे केले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोश उभा केला. त्यांच्या तसबिरींना आपण हार घालतो. मग तेच काम, त्यांच्या नखाचीही सर नसलेली आमच्यासारखी माणसं तुकड्यातुकड्यानं करायला लागली, की ते रिकामपणाचे उद्योग कसे होतात?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, महाराष्ट्रदिनी. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. मी पण वाटले. पण विकिपीडियावरचं 'अलीकडील बदल' हे पान रोज उघडून पाहा, तीच ती मूठभर नावं. बाकीचे ८ कोटी कुठे आहेत?

हो, मान्य आहे, मराठी विकिपीडियावर दोन ओळींचे पुष्कळ लेख आहेत. चावडीवर, म्हणजे तिथल्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, भांडणं होतात, आणि ती नेहमीच काही उदात्त कारणांवरून होत नाहीत. निवडणूक आली की कार्यकर्ते येऊन आपापल्या साहेबांची पानं सजवून जातात. आणि हल्ली ही उत्तरं देणारी यंत्रं आमचं सगळं लिहिलेलं गिळून स्वतःचं म्हणून सांगतात, तेही खरं. पण मग काय करायचं? लिहिणं थांबवलं तर त्या यंत्राला विचारणाऱ्या साक्रीच्या पोराला पांझरेबद्दल काय मिळेल? कॅलिफोर्नियातल्या एखाद्या ओढ्याबद्दल सगळं मिळेल. पांझरेबद्दल काहीच नाही, नाहीतर मनचं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. मैत्रीण मुळात माझ्या बाजूनंच बोलत होती, माझी मेहनत वाया जाऊ नये म्हणून. तिला उद्या फोन करीन. स्मरणिकेच्या संपादकांना आत्ताच मेल केलीय: लेखाचा दुवा, श्रेयाची ओळ कशी लिहायची ते, आणि पुढच्या अंकात छापायची असेल तर सध्याची प्रत. केसबिस काही करणार नाही. ज्या गृहस्थांनी तो मजकूर निवडला त्यांना फडाबद्दल आस्था असणारच. तर त्यांनीही यावं, खातं उघडावं, त्यांना जे माहीत आहे ते घालावं. धूळपाटी आहे, तिथं हवं तसं लिहून पाहता येतं, काही बिघडत नाही.

आणि एक काम आहे. आराम नदीवरच्या बंधाऱ्यांचा भाग अजून फार तोकडा आहे. सटाण्याकडचं कुणी ही पोस्ट वाचत असेल, तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बंधाऱ्याचा फोटो काढा, स्वतः काढलेलाच हवा. घरात कुणी पाटकरी, जागल्या असतील तर त्यांच्याजवळ बसून त्यांच्या फडाचं नाव, पाटाची वाट, पाळ्या कशा लागायच्या ते विचारून घ्या. आणि हे सगळं मला मेसेंजरवर पाठवू नका, तुमच्याच नावानं लेखात चढवा. 'संदर्भ हवा' लागला तर घाबरू नका. मला कळवा, ग्रंथालयात मी जाईन.