‘मुली बिघडतील’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की दोन सज्ञान माणसं लग्नाच्या किंवा प्रेमाच्या बंधनाशिवाय एकमेकांजवळ आली, तर तेवढ्यानं ते पाप ठरत नाही. ती दोघं एकमेकांशी कशी वागतात यावर त्यातली नीती ठरते. त्यावर तुम्ही लिहिलंत की ही पुण्या-मुंबईची थेरं सिद्धेश्वरांच्या गावात आणू नका, अशा संबंधांनी मुलींचं मन कायमचं मोडतं, ‘संमती होती’ म्हणून सगळं माफ होत असेल तर नीती उरली कुठे, आणि स्वतःच्या मुलीला हेच सांगाल का.

मन मोडण्यापासून सुरुवात करते, कारण ते मला दुकानात बसून दिसतं. सोलापुरात विजापूर रोडला माझं मेडिकल आहे. संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची इमर्जन्सी गोळी मागायला बहुतेक वेळा मुलगा येतो. मोबाइलवरचा फोटो दाखवतो, पैसे देतो, निघायची घाई करतो. मुलगी रस्त्यापलीकडे गाडीजवळ, तोंडाला स्कार्फ बांधून उभी असते. अशोक चौकातली पोरं एवढ्या लांब येतात, कारण घराजवळचा मेडिकलवाला वडिलांना ओळखत असतो. मी त्याला सगळं सांगते: ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी, दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागेल, पाळी मागेपुढे होईल, आणि या गोळीनं रोग टळत नाहीत. तो मान हलवतो. त्यातलं किती रस्ता ओलांडून तिच्यापर्यंत पोचतं, कोण जाणे. मग काही दिवसांनी अशीच एखादी मुलगी एकटी येते आणि हळू आवाजात टेस्ट किट मागते. त्याला सांगितलंस का, असं विचारलं की उत्तर बहुधा एकच: ‘तो फोन उचलत नाही, मॅडम.’

काका, त्या मुलीचं दुःख तुम्हाला दिसतं आणि त्यानं तुम्ही कळवळता, याबद्दल मला शंका नाही. पण ते दुःख कुठून आलं हे नीट बघू या. घरी सांगायची सोय नाही, मैत्रिणीला सांगितलं तर कॉलेजभर होईल, डॉक्टरकडे गेलं तर ‘लग्न झालंय का?’ हा पहिला प्रश्न. अविवाहित मुलीलाही गर्भपाताचा विवाहितेइतकाच हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट सांगितलं, पण हे तिच्यापर्यंत कुणी पोचवलेलं नसतं. ज्याच्याबरोबर हे घडलं, तो गायब. त्या रात्रीपेक्षा नंतरचे पंधरा दिवस तिला जास्त खातात, आणि त्या पंधरा दिवसांत तुमचा-माझा, सगळ्या गावाचा हात आहे.

तुम्ही ‘विज्ञानही हेच सांगतं’ असं लिहिलंय. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधक झाना व्रांगालोव्हा यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांची एका शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी पाहणी केली. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी दारूच्या नशेत, मित्रमैत्रिणींच्या दबावाखाली, कुणावर सूड म्हणून किंवा ‘यातून पुढे नातं जुळेल’ या आशेवर असे संबंध ठेवले, त्यांच्यात उदासी आणि चिंता जास्त आढळली, स्वतःबद्दलचा आदर कमी. ज्यांना ते स्वतःला हवं होतं, त्यांच्यात तसा फरक दिसला नाही. ती मुलं तिथली आहेत, सोलापूरची नाहीत. पण ‘आशेवर’ हे कारण वाचताना माझ्या डोळ्यांसमोर इथल्याच पोरी आल्या.

संमतीबद्दल तर आपण दोघं एकाच बाजूला आहोत. संमती हा उंबरठा आहे. तो ओलांडल्यावर आत माणसानं कसं वागायचं, हा प्रश्न उरतोच. लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण जो मुलगा ‘लग्न करू’ असं कधीच म्हणत नाही, आणि ‘नाही करणार’ असंही म्हणत नाही, तिला काय वाटतंय हे कळत असूनही झुलवत ठेवतो, आणि मित्रांत ‘टाइमपास आहे’ म्हणतो, त्याला कुठलं कलम लागत नाही. मला तो अनीतिमान वाटतो. तिनं ‘हो’ म्हटलं होतं, हे खरं. पण ते ‘हो’ कशाला होतं, हे त्याला ठाऊक होतं. याउलट ज्या दोघांनी आधीच स्वच्छ बोलून घेतलं, कंडोम वापरला आणि दुसऱ्या दिवशी ‘घरी नीट पोचलीस ना? बरी आहेस ना?’ एवढी विचारपूस केली, त्यांना मी दोषी म्हणणार नाही, त्यांची पुन्हा कधी भेट झाली नाही तरी. मुलंही यात घायाळ होतात. टाइमपास म्हणून सुरुवात करून जीव गुंतलेला मुलगा मित्रांत तोंड उघडू शकत नाही. त्यांच्याबद्दल सावकाश लिहायला हवं.

पुण्या-मुंबईच्या थेरांबद्दल थोडंच लिहिते. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ साली मराठीत काढलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली तो बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला. ही चर्चा आपल्या भाषेत इतकी जुनी आहे. आणि लग्नाबाहेरचे संबंध तर त्याहून जुने. तेव्हाही पुरुषाचं नाव चौकात दबक्या आवाजात घेतलं जायचं आणि बाईला गाव सोडावं लागायचं.

आता माझी मुलगी. ती हिंजवडीत नोकरी करते. मी तिला सांगितलंय की स्वतःला विचार, हे मला हवंय की त्यानं सोडून जाऊ नये म्हणून मी करतेय? दुसरं उत्तर आलं तर तिथून ऊठ, रिक्षा कर, रात्री दोनला फोन कर, मी ओरडणार नाही. हे बोलताना माझ्या पोटात कालवाकालव झाली, आई आहे मी. पण ती गप्प राहून कुढत बसेल, याची मला जास्त भीती वाटते.

तुम्ही मुलाबद्दल विचारलं नाहीत, पण मला मुलगाही आहे. त्याला याहून कडक शब्दांत सांगितलंय: जिला तू दुसऱ्या दिवशी फोन करणार नाहीस, तिच्याजवळ जाऊ नकोस. गोळी घ्यायची वेळ आलीच, तर तिला सोबत घेऊन दुकानात ये आणि मी सांगते ते दोघांनी मिळून ऐका.

लेख मी काढणार नाही. तुमची प्रतिक्रियाही त्याखाली तशीच राहील. तुमच्या ओळखीत एखादी मुलगी अशा काळजीत असेल, तर तिला माझ्याकडे पाठवा. दुपारी तीनला दुकानात गर्दी नसते.